जन्मस्थळ

इंद्रभुवनाच्या मागल्या बाजूला
जन्म-मृत्यू विभागात माझी खुर्ची.
डावीकडच्या कपाटात जन्म, उजवीकडच्यात मृत्यू,
मधे मी आणि एक पंखा,
एप्रिलची गरम हवा सगळ्यांना सारखी वाटणारा.

आज संस्थेच्या आल्हाटबाई आल्या.
दाखल्याची प्रमाणित प्रत हवी, अमेरिकेला पाठवायची.
सोबत वहीचं एक पान, पेन्सिलीनं लिहिलेलं,
ते त्यांनी उभ्या उभ्याच मराठी करून वाचलं.

वय अकरा. नाव सिडनी.
(आपली सिद्धम्मा वो, आल्हाटबाई म्हणाल्या,
गड्ड्याच्या गर्दीत सापडलेली.)
वर्गात निवडणूक झाली, राष्ट्राध्यक्षाची,
खोटी खोटी, पण चिठ्ठ्या खऱ्या.
तिला एकोणीस मतं.
मग मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला,
हिला खरंखुरं होता येणार नाही,
ही तिकडं जन्मलीय.
बाईंनी पुस्तक उघडलं,
वाचून झाल्यावर त्यांचा आवाज लहान झाला.
त्या देशात बाकी सगळं होता येतं म्हणे,
न्यायाधीश, सेनापती, राज्याची गव्हर्नर,
ती एकच खुर्ची विचारते,
पहिल्यांदा रडलीस ती कुठं?

पानाच्या शेवटी प्रश्न:
मी तिथंच जन्मले
हे तुम्ही नक्की पाहिलं होतं का?

मी रजिस्टर काढलं, धूळ झटकली.
जन्मस्थळ: सोलापूर.
अक्षर माझं. निळी शाई.

पाहिलं कुठं होतं?
होम मैदानावर, आकाशपाळण्याच्या तिकीटखिडकीमागं
चादरीत गुंडाळलेली मिळाली.
चादरीवर लेबल सोलापूरचं,
पण चादर काय, कुठंही जाते, कुठूनही येते.
त्या रात्री विजापूरची गाडी आली होती,
गुलबर्ग्याची, लातूरची, हैदराबादचीसुद्धा.
पुढं नोंदीला शारदम्मा आया तिला घेऊनच आली,
बाळ ठेवायला कुणी नव्हतं म्हणून.
मी विचारलं, जन्म कुठला लिहू?
"लिवा की वो सोलापूरच. आता आपलीच हाय न्हवं?"
लिहून टाकलं.
एवढ्या लांबचा दरवाजा
एवढ्याशा रकान्यानं लागेल, कुणाला ठाऊक.

आमचा आजोबा करीमनगरकडून आला,
तोंडात तेलुगू, हातात धोटा.
साखर पेठेत राहिला, म्युन्सिपालटीला उभा राहिला, पडला.
मतांनी पडला. जन्मानं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी विषय काढला.
लेखा विभागातले बिराजदार म्हणाले,
आपल्या घटनेत राष्ट्रपती व्हायला
नागरिक असावा, पस्तिशी भरलेली असावी,
कुठं जन्मला ते विचारलेलं नाही.
घटनेनं नसेल विचारलं, टाइपिस्ट वल्लाळबाई म्हणाल्या,
शेजारी विचारतात.
शेंगाचटणी संपली. वाद अर्धाच राहिला.

परत येऊन रजिस्टरवर वाकलो, तेव्हा दिसलं,
'सोलापूर'मधल्या 'ला'वर शाईचा डाग.
आठवलं.
लिहिताना पोरीनं माझं पेन धरलं होतं,
तीनेक महिन्यांची मूठ, सुटता सुटेना.
शारदम्मा हसली होती, "सही करतीय बघा."

रजिस्टर घेऊन साहेबांकडं गेलो.
म्हटलं, डाग आहे, जन्मस्थळ नीट वाचता येत नाही,
तसा शेरा मारू का?
साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्याजवळ धरून पाहिलं.
"वाचता येतंय."
येतंयच म्हणा.

प्रत काढली. शिक्का मारला. शेरा: निरंक.
पाकिटात आणखी एक कागद घातला, जावक क्रमांक न टाकता:

पोरी, मी पाहिलं नव्हतं.
जिनं सांगितलं तिच्या कडेवर तू होतीस,
म्हणून लिहिलं.
झेरॉक्समध्ये एक डाग आलाय.
तो तुझा.